ज्युदोपटूच्या मनाची तालीम

पॅरिस येथें २०२४ सालच्या २८ जुलै रोजीं ऑलिंपिक सामन्यांत एक प्रसंग घडला. जपानची ऊता आबे ही चार वेळां जगज्जेती ठरलेली तरुणी ५२ किलो वजनाच्या गटांत आपली दुसरी लढत लढत होती. तीन वर्षांपूर्वीं टोकियो येथें तिनें याच गटांत सुवर्णपदक मिळविलें होतें. गुणांतही ती पुढें होती. इतक्यांत उझबेकिस्तानच्या दियोरा केल्दियोरोवा हिनें तिला पाठीवर पाडलें आणि लढत संपली. ऊता आखाड्याबाहेर आली, आपल्या शिक्षकाला बिलगली, आणि तिनें जो आक्रोश केला तो सबंध मंडपानें ऐकिला. प्रेक्षक तिच्या नांवाचा घोष करून तिचें सांत्वन करूं लागले. पण तिचे अश्रु कांहीं केल्या थांबेनात.

त्याच दिवशीं तिचा थोरला भाऊ हिफुमी ६६ किलोंच्या गटांत उतरला होता. टोकियो येथें या भावंडांनीं एकाच दिवशीं दोन सुवर्णपदकें जिंकलीं होतीं. आतां बहीण हरली होती, आणि भावाच्या लढती अद्याप उरल्या होत्या. त्या घटकेस त्याच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना कोणत्याही घरांतील भावाबहिणीस करतां येईल. ज्युदोपटूच्या मनाची तयारी म्हणजे काय, हा प्रश्न अशा वेळीं खरा उभा राहतो. वर्षानुवर्षें कमावलेलें शरीर त्या दिवशींही तेंच असतें. बदलतें तें मन.

मनाचा हा भार ज्युदोंत विशेष जड कां, हें त्या खेळाचे नियम पाहिले म्हणजे ध्यानांत येतें. लढत अवघी चार मिनिटांची. जाड सुती अंगरखे घालून व कमरेस पट्टा बांधून दोघे मल्ल समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांच्या गळपट्टीस व बाहीस पकड घालतात. प्रतिस्पर्ध्यास जोरानें, वेगानें व स्वतःच्या ताब्यांत ठेवून पाठीवर पाडलें, कीं ‘इप्पोन’ म्हणजे पूर्ण गुण मिळतो आणि लढत तेथेंच आटोपते. वीस सेकंद खालीं दाबून धरलें, गळा आवळून किंवा कोपर पिळून शरण आणलें, तरीही निकाल तोच. चार मिनिटांत निर्णय न झाल्यास पुढें बिनमुदतीची लढत चालते. कसोटी क्रिकेटमध्यें पहिल्या डावांत शून्यावर बाद झालेल्या फलंदाजास दुसऱ्या डावाची आशा असते. ज्युदोपटूस दुसरा डाव नाहीं. ऑलिंपिकमध्यें उपांत्यपूर्व फेरीच्या आधींच जो हरला, त्यास कांस्यपदकाची वाटही बंद होते. एका श्वासाची गफलत, आणि चार वर्षांची मेहनत मातीस मिळते. हें ज्यास ठाऊक आहे, त्याला भय वाटणारच.

या भयाचें करावें काय? त्याचें उत्तर ज्युदोच्या मूळ तत्त्वांतच आहे. या विद्येचे जनक जिगोरो कानो हे व्यवसायानें शिक्षक होते. बाळपणीं ते अंगानें किरकोळ असल्यामुळें दांडगे सोबती त्यांना छळीत. त्यावर उपाय म्हणून ते जुजुत्सु ही जुनी मल्लविद्या शिकले. पुढें १८८२ सालीं टोकियोंतील एका बौद्ध देवळांत, बारा चटयांच्या जागेंत, त्यांनीं कोदोकान ही आपली शाळा काढली. ‘जू’ म्हणजे मृदुता, नमतें घेणें; आणि ‘दो’ म्हणजे मार्ग. हें तत्त्व कानो अंकगणिताच्या उदाहरणानें समजावून देत. समजा, प्रतिस्पर्ध्याचें बळ दहा आणि आपलें सात. तो ढकलीत असतां सातही खर्चून त्याला अडविलें, तर आपण तीनानें उणे पडून मागें कोसळणार. परंतु तो ढकलतो तितकेच आपण मागें सरलों आणि स्वतःचा तोल राखला, तर तो आपल्याच जोरानें पुढें झुकतो. तोल गेल्यावर त्याच्या दहांपैकीं तीनच त्याच्या कामीं येतात. आपले सात मात्र जसेच्या तसे शिल्लक असतात.

हाच हिशेब भयासही लागू पडतो. लढतीपूर्वीं छातींत धडधड सुरू झाली, कीं नवशिका तिच्याशींच झगडूं लागतो. ‘भीति वाटतां कामा नये’ असें तो स्वतःला बजावतो. पण मनाची रीत अशी, कीं ज्याची आठवण काढूं नको म्हणावें, त्याचीच आठवण तें आधीं काढतें. भय अडविण्यांतच त्याचें सातांचें बळ सरतें आणि खऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढें तो रित्या हातांनीं उभा राहतो. जाणता ज्युदोपटु भयाला वाट करून देतो. धडधड म्हणजे शरीरानें लढतीची चाहूल घेऊन रक्ताचा पुरवठा वाढविला, इतकाच तिचा अर्थ तो मानतो, आणि तो वाढलेला जोर कामास लावतो.

उत्तेजना ही मुळांत शत्रु नव्हे, हें शास्त्रासही मान्य आहे. अमेरिकेंतील यर्क्स व डॉडसन या दोन शास्त्रज्ञांनीं १९०८ सालीं उंदरांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. विजेचा बेताचा धक्का बसला, कीं उंदीर अवघड पाठ लवकर शिकत. धक्का फार वाढविला, कीं शिकणें उलट मंदावे. पुढें मानसशास्त्रज्ञांनीं हा विचार माणसांच्या कामगिरीसही लाविला. अगदीं थंड मनाचा मल्ल सुस्त राहतो. अति तापलेल्या मल्लाची दृष्टि आकुंचित होते, हात ताठरतात, पकड गरजेपेक्षां घट्ट होऊन मनगटें लवकर थकतात. शिवाय ताठर हातांतून त्याचा बेत प्रतिस्पर्ध्याला आधींच कळतो. गळपट्टी धरलेल्या बोटांना समोरच्याच्या मनाची वार्ता लागते, असें म्हटलें तरी चालेल.

म्हणून उत्तेजना कमी किंवा अधिक करण्याचीं साधनें खेळाडूला शिकविलीं जातात. सर्वांत जवळचें साधन म्हणजे श्वास. श्वास सोडतांना हृदयाची गति किंचित् मंदावते. म्हणून सावकाश व लांब श्वास सोडण्याचा अभ्यास करितात. दुसरें साधन शिकागोचे वैद्य एडमंड जेकबसन यांनीं १९२९ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडिलें. एकेक स्नायु आधीं मुद्दाम ताठ करावा आणि मग ढिला सोडावा. असें करतां करतां ताण कोठें दडला आहे तें ओळखूं येऊं लागतें. तिसरें साधन कल्पनेचें. नुसता हात वांकविण्याची कल्पना केली तरी त्या हाताच्या स्नायूंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें जेकबसन यांनीं यंत्रानें मोजून दाखविलें होतें. ज्युदोपटु डोळे मिटून आपला डाव आरंभापासून शेवटपर्यंत मनांत करून पाहतो: पकड, पहिलें पाऊल, प्रतिस्पर्ध्याचा तोल, शरीराची वळण. आणि केवळ विजयाचें चित्र पाहणें पुरेसें नसतें. आपण गुणांत मागें आहों, पंचांनीं ताकीद दिली आहे, पहिला डाव फसला आहे, अशा अडचणीही तो मनांत उभ्या करतो व त्यांतून वाट काढतो.

परंतु हीं साधनें सामन्याच्या आदल्या रात्रीं उसनीं आणतां येत नाहींत. मनाची खरी तालीम चटईवर, फार आधीं, शरीराच्या वाटेनेंच होते. ज्युदोच्या शाळेंत पहिला धडा पाडण्याचा नसून पडण्याचा असतो. त्यास ‘उकेमी’ म्हणतात. हनुवटी छातीशीं, पाठ गोल, आणि जमिनीस टेकतांना हाताचा सपाट तडाखा, म्हणजे धक्का वांटला जातो. शेंकडों वेळां पडून उठल्यावर शरीराला कळतें, कीं पडण्यानें आपण मोडत नाहीं. ही गोष्ट कोणत्याही व्याख्यानानें मनाला पटत नसते. ज्याला पडण्याची धास्ती वाटते तो कमरेंत वांकून, हात ताठ करून, मागें मागें राहतो. त्याला डावच टाकतां येत नाहीं. पडण्याची तयारी करून जो येतो, तोच पाडण्यास मोकळा असतो.

‘उचिकोमी’ हा अभ्यास दुसरा. त्यांत प्रतिस्पर्ध्यास न पाडतां, डावाचा नुसता प्रवेश पुनःपुन्हां, शेंकड्यांनीं करावयाचा. हेतु हा, कीं ऐन प्रसंगीं विचाराची वाट न पाहतां शरीरानें तें काम करावें. ‘रांदोरी’ म्हणजे मोकळी झुंज. तींत दररोज जिंकणें व हरणें दोन्हीं घडतात. शिवाय कोदोकानांत जानेवारीच्या कडाक्याच्या थंडींत पहांटे आणि भर उन्हाळ्यांत ऐन उष्म्यांत विशेष तालमी चालतात. थंडी आणि ऊन यांनीं डाव सुधारत नाहीं. पण गैरसोय ही सबब नव्हे, हें मनांत रुजतें.

सामन्याचा दिवस उजाडतो तेव्हां नवें कांहीं शिकावयाचें नसतें. आहे तें सांभाळावयाचें असतें. आदल्या संध्याकाळीं वजन करण्यांत येतें. गटांत बसण्यासाठीं ज्यानें अन्नपाणी तोडलें असेल, त्याची चिडचिड व निद्रानाश हीही मनाचीच हानि. म्हणून शहाणे शिक्षक वजनाची काळजी पुष्कळ आठवडे आधीं घेतात. दिवसाकांठीं चार-पांच लढती, आणि मधला वेळ वाट पाहण्याचा. या रिकाम्या वेळांतच मन भटकतें. त्यास खुंटी म्हणून खेळाडु ठराविक क्रम पाळतो: अंग तापविणें, थोडें खाणें, घटकाभर स्वस्थ बसणें, पट्टा सोडून पुन्हां बांधणें, चटईवर पाऊल ठेवण्यापूर्वीं एक दीर्घ श्वास, आणि मग नमस्कार. पदक, घरचीं माणसें, देशाची अपेक्षा, हीं त्याच्या हातचीं नाहींत. पहिली पकड त्याच्या हातची आहे, लक्ष तेवढ्यावर. शिक्षक चटईच्या कडेस खुर्चीवर असतो खरा. पण लढत चालू असतां त्यास बोलण्याची मुभा नाहीं. पंचांनीं लढत थांबविली, तेवढ्या अवकाशांतच तो बोलूं शकतो. म्हणून चांगला शिक्षक एकच, लहान व करण्याजोगी गोष्ट सांगतो.

अशा तालमीचें फळ कधीं धीरांत दिसतें. टोकियो ऑलिंपिकसाठीं ६६ किलोंच्या गटांत जपानचा प्रतिनिधि निवडण्याकरितां हिफुमी आबे व जोशिरो मारुयामा यांची एकच लढत १३ डिसेंबर २०२० रोजीं कोदोकानांत, प्रेक्षकांवांचून झाली. चार मिनिटांची ती लढत चोवीस मिनिटें चालली. दोघांपैकीं एकालाच जागा होती. एक पाऊल चुकलें कीं सारें संपलें, अशा स्थितींत दोघांनीं तितका वेळ मन एका बिंदूवर ठेविलें. अखेर आबे जिंकला.

कधीं तें फळ बेत बदलण्याच्या तयारींत दिसतें. यासुहिरो यामाशिता हा आपल्या काळांतील अजिंक्य मल्ल. १९८० सालच्या मॉस्को ऑलिंपिकवर जपाननें बहिष्कार घातल्यामुळें त्याची संधि हुकली होती. १९८४ सालीं लॉस एंजेलिस येथें दुसऱ्याच लढतींत त्याच्या उजव्या पोटरीचा स्नायु दुखावला आणि तो उघड लंगडूं लागला. उपांत्य लढतींत फ्रान्सच्या मल्लानें आरंभींच त्यास पाडून अल्प गुण मिळविला. यामाशिता उठला, आणि ती लढत त्यानें जिंकली. अंतिम लढतींत इजिप्तच्या मोहम्मद राशवान यास त्यानें जमिनीवर दाबून धरून सुवर्णपदक मिळविलें. पदक स्वीकारतांना व्यासपीठावर चढण्यास त्याला हात दिला तो राशवाननेंच.

त्या हाताचाही मनाच्या तयारीशीं संबंध आहे. परस्परांचें कल्याण हें कानो यांनीं ज्युदोचें एक ध्येय मानिलें होतें. प्रतिस्पर्धी नसेल तर आपली विद्या अपुरीच राहते, ही जाणीव ज्यास आहे, त्याला समोरच्या माणसाचा द्वेष करून स्वतःस पेटवावें लागत नाहीं. द्वेषानें चढविलेला जोर लवकर उतरतो; आदर राखणारें मन पराभवानंतरही उभें राहूं शकतें.

पॅरिस येथें त्या दिवशीं हिफुमीनें उरलेल्या लढती जिंकल्या आणि अंतिम लढतींत ब्राझिलच्या मल्लास पाडून सुवर्णपदक राखिलें. मग बहिणीच्या मनाची तयारी कमी पडली काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. मनाची तालीम ही विजयाची हमी नव्हे. तिच्यावांचून विजय टिकत नाहीं, इतकेंच. ऊताला हरविणारी केल्दियोरोवाही तयारीनेंच आली होती, आणि त्या गटाचें सुवर्णपदक तिनेंच नेलें. ऊताचे अश्रु हे दुर्बळतेचें चिन्ह नव्हतें. ज्या गोष्टीवर जीव जडविला, ती गेल्याचें तें दुःख होतें. त्यानंतर वर्ष उलटण्याच्या आंत, २०२५ सालच्या जून महिन्यांत, बुडापेस्ट येथें ती पुन्हां चटईवर उतरली आणि पांचव्यांदा जगज्जेती झाली. ज्युदोच्या शाळेंत लहान मुलाला पहिल्या दिवशीं जें शिकवितात, तेंच तिनें केलें. पडणें आलें तेव्हां ती पडली, आणि मग उठली.