उजेड दिसला, कण कोठे आहे?

पूर्वीच्या बडोदे संस्थानातील आणि आजच्या वडोदरा जिल्ह्यातील पादरा तालुका भाजीपाल्याच्या लागवडीसाठी ओळखला जातो. पानांवर फवारलेले द्रव्य पिकाच्या अंगी किती लागले, हा तेथील बागायतदाराच्या दृष्टीने खर्चाचा प्रश्न होय. गुजरातमधीलच कलोल येथे तयार होणारा इफ्कोचा द्रवरूप नॅनो युरिया 2021 मध्ये बाजारात आला आणि या प्रश्नास नवे महत्त्व प्राप्त झाले. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतका सूक्ष्म कण पानात शिरला की नाही, हे ओळखावे कसे?

असे कण शोधण्यासाठी शास्त्रज्ञ त्यांना प्रतिदीप्त रंगद्रव्य जोडतात. उदाहरणार्थ, फ्लुरोसीनवर निळा प्रकाश पडला की त्यातून हिरवा उजेड बाहेर पडतो. साधन सोयीचे आहे. तथापि सूक्ष्मदर्शकातून दिसतो तो रंगाचा उजेड, प्रत्यक्ष कण नव्हे. सर्व अडचणींचे मूळ येथेच आहे.

पहिली अडचण रंग सुटण्याची. बैलाच्या गळ्यातील घंटा दुसऱ्याच जनावराच्या गळ्यात गेली, तर अंधारात नादावरून बैल शोधणारा फसणारच. रंगाचा रेणू सुमारे एक नॅनोमीटरचा असल्याने, कण जेथे शिरू शकत नाही तेथेही सुटलेला रंग पोहोचतो. दुसरी अडचण अशी की, रंगामुळे कणाचा पृष्ठभाग व विद्युतभार बदलून त्याचे वर्तनही बदलू शकते. तिसरी अडचण प्रमाणाची. रंग कमी पडला तर दिसत नाही. फार झाला तर त्याचे रेणू एकमेकांचा उजेड मंद करतात. फ्लुरोसीन आम्ल द्रवात निस्तेज होते व प्रखर प्रकाशात विटते. शिवाय पानातील हरितद्रव्य स्वतःच तांबडा उजेड देते.

यास्तव नुसता रंग फवारलेले पान आणि काहीच न फवारलेले पान यांच्याशी तुलना करणे अगत्याचे ठरते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारख्या दुसऱ्या पद्धतीचा दुजोराही हवा. युरियातील नत्राचा माग काढण्यासाठी नायट्रोजन-15 हा किरणोत्सर्गी नसलेला समस्थानिक उपयोगी पडतो. ही खूण रेणूच्या घडणीतच असते. मात्र तीवरून नत्र कोठे गेले हे कळते, कण अखंड गेला की नाही हे कळत नाही.

चमकणाऱ्या पानाचे छायाचित्र कोणी पुढे केल्यास, नुसता रंग फवारलेले पान कसे दिसले, हे शेतकरी बांधवांनी व शिक्षकांनी अवश्य विचारावे.