परदेशी विद्यार्थ्याला नोकरी : अमेरिकन मालक नेमका कशाला भितो?

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलांची संख्या आता लाखांत मोजावी लागते. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात तेथे ३,६३,०१९ भारतीय विद्यार्थी होते. दुसऱ्या कोणत्याही देशाचे इतके नव्हते. त्यांत मराठी घरांतील मुलेमुलीही आहेत आणि अनेकांचे शिक्षण बँकेच्या कर्जावर चालते. शिक्षण संपताच नोकरी लागेल आणि डॉलरच्या कमाईतून हप्ते फिटतील, असा घरच्यांचा हिशेब असतो. पण नोकरीच्या वाटेवर पहिला अडसर पुष्कळदा मुलाच्या गुणवत्तेचा नसून मालकाच्या गैरसमजाचा असतो.

परदेशी विद्यार्थी घ्यायचा म्हणजे वकील, अर्ज, फी आणि कटकट, असे लहान व मध्यम कंपन्यांचे मालक धरून चालतात. वास्तविक येथे दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. शिक्षणाच्या काळात व पदवीनंतर मिळणारी कामाची परवानगी ही एक गोष्ट आणि एच-१बी व्हिसा ही दुसरी. पहिलीत मालकाला फारसे काही करावे लागत नाही. दुसरीत खर्च आहे आणि अनिश्चितताही आहे. हा फरक मालकाला समजावून सांगण्याचे काम विद्यार्थ्यालाच करावे लागते. म्हणून तो आधी त्याला स्वतःला नीट ठाऊक असला पाहिजे.

शिकत असतानाची उमेदवारी

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सर्वसाधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेरच्या कंपनीत काम करता येते. याला सीपीटी म्हणतात. ही परवानगी विद्यापीठातील नेमलेला अधिकारीच देतो आणि आय-२० या कागदावर कंपनीचे नाव व तारखा नोंदवतो. मालकाने कामाचे स्वरूप, तास आणि तारखा लिहिलेले पत्र द्यायचे, इतकेच. सरकारकडे फी भरावी लागत नाही. मात्र विद्यार्थ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी : पूर्णवेळ सीपीटी बारा महिने किंवा अधिक झाली, तर त्या पदवीवरचा ओपीटीचा हक्क जातो.

पदवीनंतरचे पहिले वर्ष

ओपीटी म्हणजे पदवीनंतर आपल्या विषयाशी संबंधित काम करण्याची बारा महिन्यांची मुभा. अर्ज विद्यार्थी स्वतः करतो, फीही तोच भरतो. शिक्षण संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ते संपल्यावर ६० दिवसांपर्यंत अर्ज करता येतो आणि त्या वेळी हातात नोकरी असलीच पाहिजे असे नाही. मंजुरीनंतर कामाचे परवानापत्र मिळते. ते पाहून मालकाने आय-९ हा अर्ज भरायचा. हा अर्ज तो अमेरिकन नोकराचाही भरतोच.

येथे खरी घाई विद्यार्थ्याला असते. ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिल्यास त्याचा तेथे राहण्याचा हक्क धोक्यात येतो. आठवड्याला किमान २० तासांचे काम असावे लागते. त्यामुळे नोकरीचा शोध पदवीनंतर नव्हे, शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच घेतला पाहिजे.

विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या पदवीधरांना आणखी २४ महिने मिळतात. मे २०१६ पूर्वी ही वाढ १७ महिन्यांची होती. या टप्प्यात मात्र मालकावर जबाबदारी येते. कंपनीची ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी योजनेत नोंदणी हवी, आय-९८३ हा प्रशिक्षण आराखडा भरून सही केलेली हवी आणि त्याच कामाला अमेरिकन माणसाला मिळेल तितका पगार हवा. ई-व्हेरिफायच्या नोंदणीला पैसे पडत नाहीत.

मालकाला ठाऊक नसलेली आणखी एक बाब आहे. एफ-१ विद्यार्थी सर्वसाधारणपणे पहिली पाच कॅलेंडर वर्षे सामाजिक सुरक्षा व मेडिकेअर करांतून मुक्त असतो. हा कर मालक व नोकर प्रत्येकी ७.६५ टक्के भरतात. वर्षाला ६०,००० डॉलर पगार असेल तर दोघांचेही ४,५९० डॉलर वाचतात.

खरी अडचण : एच-१बी

या व्हिसासाठी मात्र मालकालाच अर्ज करावा लागतो. वर्षाला ६५,००० व्हिसा आणि अमेरिकेतील मास्टर्स वा त्यावरील पदवीधरांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे. मार्चमध्ये नावनोंदणी होते आणि त्यातून निवड होते. नोंदणीची फी २०२० मध्ये १० डॉलर होती, ती २०२५ मध्ये २१५ झाली. निवडीत जास्त वेतनश्रेणीला झुकते माप देणारा नियम २०२५ च्या डिसेंबरात जाहीर झाला. त्याआधी सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा बोजा टाकणारी घोषणा झाली आणि मालकवर्ग हादरला. अमेरिकेतच राहून एफ-१ वरून एच-१बी वर जाणाऱ्यांना हा बोजा लागू नाही, असा खुलासा ऑक्टोबरात झाला. पण तो सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही.

अभियंत्याला तीन वर्षांत साधारण तीनदा या निवडीत उतरता येते, वाणिज्य किंवा कला शाखेच्या बहुतेक पदवीधरांना एकदाच. विद्यापीठांना ही वार्षिक मर्यादा लागू नाही, हेही ध्यानात ठेवावे.

काय सांगावे, काय टाळावे

मुलाखतीत दोन प्रश्न हमखास येतात. आज काम करण्याची परवानगी आहे का? पुढे कंपनीला व्हिसासाठी अर्ज करावा लागेल का? दोन्हींना खरे उत्तर द्यावे. आज परवानगी आहे, अमुक तारखेपर्यंत कंपनीला खर्च नाही, त्यानंतर एच-१बी लागेल. व्हिसासाठी अर्ज करायचा नाही असे ठरवण्याचा हक्क मालकाला आहे. परंतु केवळ मूळ देश पाहून नाकारणे १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात बसत नाही. पंधरा किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांना हा कायदा लागू होतो.

नोकरी मिळेना म्हणून कागदोपत्री कंपनी किंवा नावापुरते विद्यापीठ गाठणे हा सर्वांत महागडा मार्ग आहे. मिशिगनमधील फार्मिंग्टन विद्यापीठ हे सरकारनेच लावलेला सापळा निघाले आणि २०१९ च्या सुरुवातीला शंभराहून अधिक भारतीय विद्यार्थी पकडले गेले.

पालकांना आमची सूचना आहे की, कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी मुलाच्या विषयाला एक वर्ष मिळते की तीन, हे विद्यापीठाला लेखी विचारून घ्यावे आणि फेडीचा हिशेब त्या उत्तरावर मांडावा.