पूर्ववर्ती वाचनचौकट (जीवाणू)

पूर्ववर्ती वाचनचौकट म्हणजे संदेशवाहक आरएनएवर मुख्य जनुकाच्या आधी येणारा, लहानसे पेप्टाइड घडवू शकणारा संकेतक्रम होय. अनेकदा या पेप्टाइडाला पेशीत स्वतंत्र कार्य नसते. रायबोसोम हा क्रम सलग वाचतो की मध्येच थांबतो, यावर पुढील जनुकाची अभिव्यक्ती अवलंबून असते.

ट्रिप्टोफॅन ओपेरॉन

याचे सुपरिचित उदाहरण एश्चेरिशिया कोलाय या जीवाणूत आढळते. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या निर्मितीसाठी लागणाऱ्या पाच जनुकांच्या आधी १६२ न्यूक्लिओटाइडांचा अग्रक्रम असतो. त्यातील वाचनचौकट १४ अमिनो आम्लांची असून तिचे १० वे व ११ वे संकेत ट्रिप्टोफॅनचे आहेत. जीवाणूंना पेशीकेंद्रक नसल्यामुळे आरएनएची निर्मिती चालू असतानाच रायबोसोम त्याचे वाचन सुरू करतो. ट्रिप्टोफॅन मुबलक असल्यास रायबोसोम हे दोन संकेत विनासायास ओलांडतो. मग पुढील आरएनएला विशिष्ट घडी पडून प्रतिलेखन मुख्य जनुकांपूर्वीच थांबते. ट्रिप्टोफॅनचा तुटवडा असल्यास रायबोसोम तेथेच अडखळतो, आरएनएची घडी वेगळी पडते व प्रतिलेखन पुढे चालू राहते. या प्रक्रियेस क्षीणन म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील चार्ल्स यानोफ्स्की (१९२५–२०१८) व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात तिचा उलगडा केला. हिस्टिडिन ओपेरॉनच्या अग्रपेप्टाइडात तर हिस्टिडिनचे ७ संकेत सलग येतात.

प्रतिजैविक-रोध

स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूत आढळणाऱ्या ईआरएम-सी या जनुकाआधी १९ अमिनो आम्लांची वाचनचौकट असते. एरवी या जनुकाचा प्रारंभभाग आरएनएच्या घडीत दडलेला असतो. एरिथ्रोमायसिन चिकटलेला रायबोसोम ही वाचनचौकट वाचताना मध्येच थांबतो. त्यामुळे घडी उलगडते आणि औषध न चिकटलेले रायबोसोम मुख्य जनुक वाचू लागतात. त्यातून तयार होणारे विकर रायबोसोममधील आरएनएच्या एका ॲडेनिनला मिथिल गट जोडते. परिणामी औषध तेथे नीट चिकटू शकत नाही.

हा रोध क्लिंडामायसिनलाही लागू पडतो. मात्र क्लिंडामायसिन स्वतः ही यंत्रणा सहसा कार्यान्वित करत नाही. त्यामुळे नेहमीच्या चाचणीत ते औषध उपयुक्त असल्याचा आभास निर्माण होतो व उपचार फसण्याचा धोका संभवतो. म्हणून प्रयोगशाळेत दोन्ही औषधांच्या चकत्या शेजारी-शेजारी ठेवतात. क्लिंडामायसिनभोवतीचे वाढरहित वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटे झाल्यास सुप्त रोध असल्याचे निदान होते.