अकरावं बोट

पनवेलला वडाळे तळ्याच्या काठी बसून आजोबा गीतेचा अकरावा अध्याय म्हणत. पहिले चौदा श्लोक आठ-आठ अक्षरांच्या चरणांत सरळ जात. पंधराव्याला अर्जुन विश्वरूपाचं वर्णन करू लागला की चाल बदले, चरण अकरांचा होई. मी बोटांवर मोजायचो. दहा बोटं संपली की अकराव्यासाठी पुन्हा पहिल्या अंगठ्याकडे.

हा त्रिष्टुभ, ऋग्वेदाचा सर्वांत लाडका छंद. पुढे त्याला लघु-गुरूची शिस्त लागली. गणांच्या खुणांत त त ज ग ग म्हणजे इंद्रवज्रा. पहिलं अक्षर लघु केलं की उपेंद्रवज्रा. दोन्हींची सरमिसळ ती उपजाती. ‘कुमारसंभवा’चा पहिला सर्ग उपजातीतच आहे. शालिनी, रथोद्धता, स्वागता हीसुद्धा अकराचीच भावंडं.

रोमच्या कॅटलसचीही एक आवडती ओळ अकराची, तीही लघु-गुरूंनी बांधलेली. लॅटिनच्या लेकींच्या तोंडी मात्र स्वरांचं ऱ्हस्वदीर्घ विरघळलं आणि आकडा तेवढा उरला. दान्ते आणि पेत्रार्क अकरा मोजतात, दहाव्यावर आघात देतात. पोर्तुगीज शेवटच्या आघातापाशीच मोजणं थांबवतात, म्हणून त्याच ओळीला दहाची म्हणतात. ती ओळ लिहिणारा कामोइंश १५५३ मध्ये गोव्यात उतरला होता. पण त्याच गोव्यात फादर स्टीफन्सनी १६१६ चं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रचलं ते ओवीत. शहाणा माणूस.

कारण बोली मराठीतही इ-उचं ऱ्हस्वदीर्घ पातळ झालेलंच होतं. अक्षरं मोजण्याची देशी रीत आपल्याकडे होती, पण ती अभंगाच्या सहा-आठांवर रमली. अकरा राहिला पंडितांच्या ओसरीवर.

१८९२ मध्ये केशवसुतांनी मराठीत सुनीत आणलं. चौदा ओळींचं हे इटालियन घर मुळात अकराच्या विटांचं. इंग्रजीमार्गे आपल्याकडे येताना विटा बदलल्या. मराठी सुनीत बहुतेकदा शार्दूलविक्रीडितात बसलं, एकोणीस अक्षरांच्या ऐसपैस ओळीत. दारात इंद्रवज्रा उभी असताना! मला हे अजून खटकतं. पण अकरा अक्षरांत मराठी विभक्तिप्रत्ययांची गर्दी होते, हेही खरं. १९३८ मध्ये माधव जूलियनांना ‘छंदोरचने’साठी डी.लिट. मिळाली, तोवर मुक्तछंद उंबऱ्यावर आला होता.

आजोबांपाशी लागलेल्या सवयीने मी एकदा शार्दूलविक्रीडितही बोटांवर मोजून पाहिलं. दुसऱ्या फेरीत एक बोट रिकामं राहतं.