मारिओच्या डोंगराला पाठ असते का?

दिवाळीच्या सुटीत पन्हाळ्याला बहिणीकडे गेलो होतो. अंगणात भाच्याचा किल्ला चालला होता. शेजारी गडाचा छापील नकाशा पसरलेला. त्यावर तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना सगळे जागच्या जागी! तरी स्वारी चिखलाचे हात घेऊन खट्टू बसली होती.

"मामा, तीन दरवाजा कुठं आहे ते नकाशात कळतं. पण तो केवढा उंच करायचा?"

"कर की अंदाजानं! संध्याकाळी पणत्या लावायच्यात," मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली. कारण अंदाजाने काय घोटाळा होतो, ते आदल्याच रात्री भावोजींनी मला संगणकावर दाखवले होते.

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आठवतो ना? १९९० नंतरच्या दशकात तो आपल्याकडे घरोघर आला. कॅसेट अडली की तिला फुंकर घालायची आणि पुन्हा खोचायची! त्यातला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा १९८५ सालचा खेळ. सारा पसारा अवघा ४० किलोबाइटचा. मारिओ, विटा, डोंगर, सगळे कागदावर काढल्यासारखे सपाट. भावोजींच्या पडद्यावर मात्र विटांचे ठोकळे झाले होते, नळ चांगले गोल झाले होते आणि हे सारे बाजूनेही पाहता येत होते!

ही करामत एम्युलेटरची. एम्युलेटर म्हणजे संगणकातला बहुरूपीच. तो जुन्या यंत्राचे सोंग इतके हुबेहूब आणतो की खेळाला वाटते, आपण आपल्याच घरी आहोत. जुने यंत्र आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे जोडून चित्र मांडत असे. कोणता तुकडा कुठे बसला, हे बहुरूप्याला आतूनच ठाऊक असते. तेव्हा प्रत्येक तुकड्याला जाडी द्यायची, की झाले!

पण जाडी किती द्यायची? चित्रात ती नसतेच. व्हिएतनामचे त्रान वू त्रूक यांनी २०१६ साली 'थ्रीडीनेस' हा एम्युलेटर पुढे आणला, तेव्हा त्याने ती अंदाजाने ठरवली. कुठे जमले, कुठे फसले. गंमत पाहा, मारिओच्या खेळातले ढग आणि झुडपे यांचे चित्र एकच. फरक फक्त रंगाचा! यंत्राने ओळखायचे कसे? म्हणून पुढे 'थ्रीडीसेन'मध्ये एकेका खेळासाठी माणसाने बसून, हा नळ, ही वीट, असे हाताने सांगायचे ठरले. आतला खेळ मात्र तसूभरही बदलत नाही. डोंगराला पाठ फुटली, तरी मारिओला तिच्यामागे जाता येत नाही!

"चल, ऊठ," मी भाच्याला म्हणालो. "पाहूनच येऊ." पन्हाळ्यात राहण्याची हीच तर चैन!

तीन दरवाजापाशी त्याने मला भिंतीला टेकून उभे केले आणि लांब जाऊन एक डोळा मिटून मोजले, किती मामा उंच ते. मग अंधार बाव. तीन मजली विहीर ती. पायऱ्या उतरताना त्याने माझा हात घट्ट धरला. चकार शब्द बोलला नाही.

पणत्या लावायला उशीर झालाच. बहीण रागावली. पण किल्ल्यात एके ठिकाणी भाच्याने कोपरापर्यंत हात घालून माती उकरली होती, आणि वरून पाहणाऱ्याला तिथे नुसते एक भोक दिसत होते.

"ही अंधार बाव," तो म्हणाला. "आत हात घालून बघा."