वाळूचा परगणा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी नेब्रास्काच्या उत्तर सरहद्दीला लागून चेरी नावाचा जो परगणा आहे, त्याचे क्षेत्रफळ सुमारे 6,000 चौरस मैल, म्हणजे कनेक्टिकट या अख्ख्या संस्थानाहून अधिक असूनही, 2020 च्या शिरगणतीत तेथील लोकवस्ती साडेपाच हजारांच्या आतच भरली. या विरळपणाचे कारण तेथील भूमीच्या घडणीत आहे.

परगण्याचा बहुतेक भाग ‘सँडहिल्स’ या वालुकाप्रदेशात मोडतो. वाऱ्याने रचलेल्या, काही ठिकाणी चारशे फुटांपर्यंत चढलेल्या या टेकड्यांचा समूह पश्चिम गोलार्धात सर्वांत मोठा गणला जातो. परंतु त्यांवर गवत रुजल्यामुळे आज त्या स्थिर आहेत. हे स्थैर्य म्हणजे वारा आणि गवत यांच्यातील तहनामाच, आणि त्याची मुदत पर्जन्याच्या हाती: सुमारे एक हजार वर्षांपूर्वी दीर्घ अवर्षणाने गवत करपले, तेव्हा याच टेकड्या पुन्हा सरकू लागल्या होत्या.

वाळूचा दुसरा गुण मात्र औदार्याचा. पडलेला पाऊस येथे ओढ्यानाल्यांनी वाहून न जाता सरळ खाली मुरतो व ओगलाला या प्रचंड भूजलसाठ्यास मिळतो; जेथे भूजलाची पातळी टेकड्यांमधील सखल भूमीला भिडते तेथे तळी साचतात, आणि नायोब्रारा, स्नेक यांसारख्या नद्यांना झऱ्यांचे पाणी अखंड मिळत राहते.

सरकारी मोजणीला या गोष्टींशी कर्तव्य नव्हते. 1862 च्या कायद्याने वसाहतकऱ्याला 160 एकर मिळत. तेवढ्यात येथे निभाव लागत नाही हे उमगल्यावर 1904 साली, काँग्रेसचे सभासद मोझेस किंकेड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने, ते प्रमाण 640 एकरांवर नेले. चौरस मैलभर जमिनीचा दाखला हाती पडला, तरी नांगर लागताच वाळू उडू लागली. पुष्कळ खातेदार जमिनी विकून चालते झाले, आणि मोठमोठी गुरांची कुरणेच काय ती टिकली. चराऊ गुरांच्या मालकांनी गवत जपले ते अर्थात स्वार्थाने. पण कायदेकर्त्यांपेक्षा त्यांना भूमी अधिक कळली, असेच म्हणावे लागते.

या जपणुकीची झळ एका वनस्पतीला लागली. ‘ब्लोआउट पेन्स्टेमन’ हे फिकट जांभळ्या फुलांचे सुगंधी झुडूप वाऱ्याने उघड्या पाडलेल्या खळग्यांतच वाढते. खळगे गवताने बुजत गेले तसे ते दुर्मिळ झाले, 1940 च्या सुमारास नामशेषही मानले गेले, आणि 1968 मध्ये पुन्हा सापडल्यावर आता शास्त्रज्ञ त्याची रोपे मुद्दाम उघड्या वाळूत नेऊन लावतात.