सोबर होमला दर्जाचा दाखला

व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेला माणूस थेट जुन्या संगतीत परतला, तर पुन्हा घसरण्याची भीती मोठी. अमेरिकेत अशांसाठी ‘सोबर होम’ असतात. तिथे भाडं भरायचं, नशेपासून दूर राहायचं, एकमेकांना सांभाळायचं. फ्लोरिडात मात्र काही ठिकाणी याचा धंदा झाला. विमा असलेला रुग्ण आणणाऱ्याला दलाली मिळायची आणि लघवीच्या तपासण्यांची भरमसाट बिलं विमा कंपनीकडे जायची. आजारी माणसाची ही उघड लूट होती.

म्हणून राज्याने २०१५ मध्ये प्रमाणपत्राचा कायदा केला. प्रमाणपत्र ऐच्छिक आहे. पण जुलै २०१६ पासून, मोजके अपवाद सोडले तर, परवानाधारक उपचार केंद्रांना प्रमाणपत्र नसलेल्या घरात रुग्ण पाठवायला मनाई आहे. खरा चाप बसला तो इथे. निकष ‘नॅशनल अलायन्स फॉर रिकव्हरी रेसिडेन्सेस’ या संस्थेचे. घराची प्रत्यक्ष पाहणी होते, कागदपत्रं तपासली जातात : धुराची सूचना देणारं यंत्र चालतं का, भाड्याचा करार लेखी आहे का, परताव्याचे नियम काय, रहिवाशाने तक्रार कुठे करायची. शेजाऱ्यांशी वागणूकही पाहिली जाते.

तिकडे आपलं माणूस अशा घरात ठेवायची वेळ आली, तर पैसे भरण्याआधी प्रमाणपत्र मागा आणि त्याची मुदत पाहा.